शहापूरच्या आरोग्य उपकेंद्राला पैसा येतो तरी कुठून?

कळव्याचा_भाचा: नमस्कार मंडळी, मी कळव्यात राहतो, मामाचं गाव शहापूर तालुक्यात, डोंगरातला पाडा. गणपतीत गेलो तेव्हा मामीला ताप होता म्हणून उपकेंद्रात नेलं, तर सिस्टर एकट्याच, बीपी मशीनचा पट्टा फाटलेला त्याला चिकटपट्टी लावलेली, आणि लाईट गेली की त्या स्वतःच्या मोबाईलचा टॉर्च लावून काम करतात. बाई इतकं मनापासून बघत होत्या की मलाच कसंतरी झालं. म्हणाल्या निधी आला नाही. आदिवासींसाठी एवढे कोटी ऐकतो ते मग जातात कुठे? पट्टा मी घेऊन देईन हो, पण दरवर्षी कोण देणार?

झेडपी_रिटायर्ड, ठाणे: पैसा वेगवेगळ्या वाटांनी येतो भाऊ. राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०, पण ते राज्याच्या तिजोरीतून फिरत खाली येतात आणि उशिरा आले की मार्चएंडला नुसती बिलांची धावपळ. आदिवासी उपयोजनेचा, म्हणजे राज्य बजेटमध्ये आदिवासींसाठी बाजूला काढतं तो पैसा वेगळा. त्यातला ५ टक्के अबंध निधी, म्हणजे कशावर खर्च करायचा ते गावानेच ठरवायचा पैसा, २०१५ पासून थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो. पेसा म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, आणि शहापूर तालुका अख्खा त्या क्षेत्रात येतो, म्हणजे मामांची ग्रामपंचायतही त्यात आली. आरोग्यावर तो खर्च करता येतो, पण ग्रामसभेने ठरवायला हवं. मी पाहिलंय, सभेत बायका आल्या नाहीत की सगळा पैसा रस्ता आणि समाजमंदिरावर जातो.

आशाताई_मुरबाड: दादा बरोबर बोलले. गावाच्या आरोग्य समितीलाही अभियानातून थोडा अबंध निधी असतो, आम्ही त्यातून बाळांचा वजनकाटा घेतला, जुना काटा बाळाला ठेवलं की हलतच नव्हता. पण आमचा मोबदलाच महिनोन्महिने थकतो, पावसात झोळी करून बाईला रस्त्यापर्यंत आणायचं आणि पुढच्या गाडीचे पैसे पण आपणच द्यायचे, ते कुठल्या खात्यात लिहायचं सांगा.

घोडबंदर_रोड: मशीन येईल हो, माणूस कुठून आणणार? आदिवासी भागात ३००० लोकसंख्येला एक उपकेंद्र असा निकष आहे, पण पाडे विखुरलेले, त्यामुळे एकाच सिस्टरला किती डोंगर चढायला लागतात ते आकड्यात दिसत नाही. पद रिकामं असेल तर तेही ग्रामसभेच्या ठरावात लिहा, नुसती खरेदी नको.

कळव्याचा_भाचा: सगळ्यांचे खूप आभार. आत्ताच मामीशी बोललो, पुढच्या ग्रामसभेला ती पाड्यातल्या बायकांना घेऊन जाणार आहे. रिटायर्ड दादा, ठरावात काय काय लिहायचं तेवढं सांगाल का? मी रविवारी गावी जातोय, पट्टा घेतलाय.