दंड वाढवून काय होणार?

दंड वाढवला की लोक सिग्नल पाळतील हे मत मला काही पटलं नाही बुवा. अहो, मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत लाल दिवा तोडणं हे धोकादायक ड्रायव्हिंगमधेच घातलंय, 1000 ते 5000 दंड आणि शिवाय तुरुंगाचीही तरतूद आहे, तरी पुण्यात कुठल्याही चौकात पाच मिनिटं उभं राहून बघा. मामा दिसले की सगळे सज्जन, नसले की शेवटचे दहा सेकंद कोणी थांबतच नाही, आणि तुम्ही थांबलात तर मागचा हॉर्न वाजवून जीव घेतो.

आता कॅमेरे आले तर त्यावरही उपाय तयारच. नंबर प्लेट वर दुमडायची, एखाद्या आकड्यावर चिखल राहू द्यायचा, मागे बसलेल्याने ओढणी नाहीतर हात प्लेटवर धरायचा. (हे मी डोळ्यांनी बघितलंय, कॉलेजची पोरं, काय टायमिंग!) काहीजण तर डावीकडे वळून लगेच यू टर्न मारतात नाहीतर कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपातून आरपार जातात, म्हणजे सिग्नल तोडला असं म्हणताच येत नाही.

आणि एवढं करून ई-चलान आलंच तर भरतो कोण? लोकअदालत लागेल तेव्हा कमी पैशात मिटवू म्हणून साठवत बसतात, आमच्या सोसायटीतल्या एकाची तर अकरा चलानं पेंडिंग आहेत आणि तो ते कौतुकाने सांगतो. माझ्या मते रक्कम आहे तेवढीच राहूदे, पण पंधरा दिवसात वसूल करा.