रविवारची सुट्टी धरायची का कामाचा दिवस? लवकर सांगा (मदत हवी आहे)

कोरेगावची | शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार. पटकन उत्तर हवंय, उद्या सकाळी नऊला निघायचंय.

रविवारी मला सुट्टी असते. पण दर रविवारी घरातले सगळे फिरायला जातात आणि मलाही नेतात. मागच्या वेळी प्राणिसंग्रहालय, त्याच्या आधी टेकडीवरची बाग, छोटी रेल्वे वगैरे. तिकीट तेच काढतात, खाणंपिणं त्यांचंच. पण दोन्ही पोरं दिवसभर माझ्या गळ्यात. घरी यायला साडेसहा होतात. ही सुट्टी झाली का? आणि नाही म्हणायचं तर कसं म्हणायचं?

जिराफापुढचा फोटो आईला पाठवला तर तिनं तो सगळ्या भावकीत फिरवला, "पोरगी मजेत हाय" म्हणून. फोटोत माझ्या हातात ओले टिशू आहेत ते कुणाला दिसलं नाही.

अनुभव असेल त्यांनीच सांगा. फालतू सल्ले नकोत.

आयर्विन_पूल | रात्री ९:५८

सासरची माणसं तिकीट काढून फिरायला नेतात आणि वर तक्रार? आमच्या सौ.ला मी हरिपूरच्या संगमावर नेतो तेवढ्यावर ती खूश असते.

कोरेगावची | रात्री १०:०१

सासर नाही ओ!! कामाला आहे. मुलं सांभाळायला. त्यांच्याच घरात राहते.

भडंग_एके_भडंग | रात्री १०:०४

पुण्यात का? पगार किती? चोवीस तासाची बाई म्हणून ठेवलंय का?

कोरेगावची | रात्री १०:०६

जर्मनी. श्टुटगार्ट. लिहिलं नव्हतं का मी? चार महिने झाले.

भडंग_एके_भडंग | रात्री १०:०७

नव्हतं लिहिलं ताई. जिराफावरून कळायला पाहिजे होतं म्हणा.

निवृत्त_मिरजकर | रात्री १०:१५

जर्मनीत जाण्याची सुवर्णसंधी आहे. महाराष्ट्र शासन आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात २०२४ साली करार झालेला असून परिचारिका, वाहनचालक, इलेक्ट्रिशियन अशा कुशल मनुष्यबळाची तिथे गरज आहे. श्टुटगार्ट हे त्याच राज्याच्या राजधानीचे शहर. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरे आहेत. इच्छुकांनी आधी जर्मन भाषा शिकावी.

कोरेगावची | रात्री १०:१७

काका, मी जर्मनीतच आहे.

नेकारकाठचा_सातारकर | रात्री १०:२२

मी श्टुटगार्टलाच आहे, नऊ वर्षं झाली. तुम्ही ओपेअर म्हणून (घरात राहून मुलं सांभाळायची आणि भाषा शिकायची) आलाय का नोकरीच्या व्हिसावर? दोन्हीचे नियम वेगळे. आणि घर जर्मन आहे का आपल्याकडचं? पासपोर्ट कुणाजवळ असतो?

कोरेगावची | रात्री १०:२६

ओपेअर. घर जर्मन. ती डॉक्टर, तो गाड्यांच्या कारखान्यात. मुलगा सहाचा, मुलगी तीनची. पासपोर्ट माझ्याच कपाटात. माणसं वाईट नाहीत ओ, तोच तर घोळ आहे. वाईट असती तर भांडले असते.

नेकारकाठचा_सातारकर | रात्री १०:४१

मग ऐका. ओपेअर म्हणजे मोलकरीण नाही आणि पाहुणीही नाही. मुलं सांभाळणं आणि हलकं घरकाम मिळून आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास, आणि एका दिवसात ६ तासांच्या वर नाही. आठवड्याला दीड दिवस सुट्टी, महिन्यातला किमान एक रविवार पूर्ण मोकळा, चार संध्याकाळी मोकळ्या. हातखर्च महिना २८० युरो, भाषेच्या क्लाससाठी ७० युरो वेगळे, विमा त्यांचा, स्वतंत्र खोली. हे सगळं तुमच्या करारात असणार. करार वाचलाय का?

घर भारतीय आहे का हे मुद्दाम विचारलं. मुलगी यजमानांच्याच देशातली असेल तर ओपेअर व्हिसाला अडचण येते, कारण घरात जर्मन बोलून भाषा शिकणं हाच त्यामागचा हेतू. काही जण आपल्याच ओळखीतल्या घरी जाऊ बघतात आणि अडकतात.

कोरेगावची | रात्री १०:४६

करार जर्मनमध्ये आहे. एजंट म्हणाला होता "वीकेंड फ्री, युरोप फिरायचं". व्हिसाच्या वेळी सही केली, तेव्हा माझं ए-वन, म्हणजे जर्मनची पहिली पायरी, नुकतंच झालेलं. त्यात "माझं नाव, मला दोन भाऊ आहेत" एवढंच येतं.

खंबाटकीचा_वळसा | रात्री १०:५५

वाईट वाटून घेऊ नका, पण फुकट राहणं, फुकट खाणं, वर २८० युरो, आणि रविवारी हत्ती बघायला न्यायचं. आमच्या आईनं आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात भांगलण केली, तिला कुणी रविवार दिला नव्हता. थोडं ॲडजस्ट करायला शिका.

वाईकरीण | रात्री ११:०३

खंबाटकी, तुमच्या आईला रविवार दिला नाही म्हणून हिलाही द्यायचा नाही, हा कुठला हिशोब? आईंना विचारा, त्या वेळी मिळाला असता तर घेतला असता का.

कोरेगावची, मी बऱ्याच वर्षांपूर्वी जर्मनीतच, हानोफरला ओपेअर होते. एकच प्रश्न. प्राणिसंग्रहालयात बाबागाडी कोण ढकलत होतं?

कोरेगावची | रात्री ११:०५

मी.

वाईकरीण | रात्री ११:०६

आणि पाठीवरची पिशवी?

कोरेगावची | रात्री ११:१०

मीच. पिशवीत फळांच्या लगद्याची पाकिटं, जादा विजार, डायपर, चिखलातली रबरी पँट, पाणी. धाकटी हत्तीजवळ अडून बसली, अर्धा तास मी तिच्याशेजारी फरशीवर. ते दोघं कॉफी प्यायला गेले. मला विचारून गेले हं, "चालेल ना?" म्हणून.

वाईकरीण | रात्री ११:१९

मग तेवढा वेळ कामात धरायचा. तुम्हाला हौस म्हणून गेलात, हात हलवत चाललात, तर ती सुट्टी. बाबागाडी तुमच्या हातात आली की काम सुरू झालं.

आता दुसरं, हे मला कळायला सहा महिने लागले होते. ती सकाळी तुम्हाला नेमकं काय म्हणते?

कोरेगावची | रात्री ११:२१

"हास्ट डू लुस्ट मित्सुकोमेन?"

वाईकरीण | रात्री ११:३०

तेच. त्याचा अर्थ "यावंसं वाटतंय का?" आपल्याकडं आत्यानं उंबऱ्यात चप्पल घालत "येतीस का गं?" म्हटलं की तो प्रश्न नसतो, उठून तिच्या हातातली पिशवी घ्यायची असते. इथं तो खरोखरचा प्रश्न आहे. ती उत्तराची वाट बघत असते. तुम्ही चार महिने "या, गेर्ने" म्हणताय, म्हणजे "हो, आनंदानं". तिला वाटतंय पोरीला आमच्याबरोबर यायला फार आवडतं.

कोरेगावची | रात्री ११:३२

मी खरंच गेर्ने म्हणते. क्लासमध्ये शिकवलं होतं, नम्र शब्द आहे म्हणून.

आयर्विन_पूल | रात्री ११:३५

हत्ती बघितलेला अर्धा तासही कामात धरायचा म्हणजे लयच झालं राव. उद्या झोपेत पोराचं स्वप्न पडलं तर त्याचाही ओव्हरटाइम लावा.

नेकारकाठचा_सातारकर | रात्री ११:४१

हत्ती ती बघत नव्हती, पोरगी बघत होती. प्राणिसंग्रहालयातून लहान मूल हलवणं म्हणजे साताऱ्याच्या पोवई नाक्यावर संध्याकाळी गाडी वळवण्यासारखं.

कोरेगावची, बाकीच्या दिवसांचे तास लिहा बघू. शनिवारचंही लिहा. शनिवारबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत.

कोरेगावची | रात्री ११:५४

सोम ते शुक्र सकाळी पावणेसात ते आठ पोरांचं आवरणं, दुपारी अडीच ते साडेसहा. म्हणजे रोजचे सव्वापाच. पाच दिवसांचे सव्वासव्वीस. रविवारी नऊ ते साडेसहा, साडेनऊ. एकूण पावणेछत्तीस.

शनिवारी काही नसतं. मी आपली घर आवरते, कुणी सांगत नाही, पण सगळे घरात असताना खोलीत बसून राहायला कसंतरी वाटतं.

खंबाटकीचा_वळसा | मध्यरात्री १२:०२

बघा! शनिवार पूर्ण मोकळा! हे आधी का नाही सांगितलं? एवढा वेळ आम्हाला वाटलं सातही दिवस राबवतायत.

नेकारकाठचा_सातारकर | मध्यरात्री १२:१५

आता चित्र बदललं, खंबाटकींचं या बाबतीत बरोबर आहे. शनिवारचा एक दिवस मिळतोय. उरतो अर्धा दिवस, आणि महिन्यातला तो एक पूर्ण रविवार. म्हणजे एखाद्या रविवारी ते तुम्हाला काही तास कामाला धरू शकतात. पण एका दिवसात साडेनऊ तास नाही, आणि आठवड्याला पावणेछत्तीस नाही. शांतपणे बसून एवढंच बोलायचं. कागदावर मांडा, जर्मन माणसाला कागद दाखवला की राग येत नाही.

नाहीच जमलं तर घर बदलता येतं. कराराप्रमाणे नोटीस द्यायची, नवं घर शोधायचं आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवायचं. पण ओपेअरचं वर्ष एकदाच मिळतं, नव्या घरात उरलेलेच महिने. तुमच्या बाबतीत एवढ्यावर येऊ नये असं वाटतं.

आणि शनिवारी घर आवरणं बंद करा.

कृष्णेची_पोर | मध्यरात्री १२:२०

माझी मावशी आखातात एका घरात होती. तिचा पासपोर्ट मालकिणीच्या तिजोरीत. बाहेर जायचं म्हणजे पोरांबरोबर मॉलमध्ये, तिथंही बाकावर बसून पिशव्या सांभाळायच्या. ती म्हणायची, मॉलची फरशी सोडून मी तो देश बघितला नाही. ताई, तुमचा पासपोर्ट तुमच्याकडं आहे म्हणता, तर एकटीनं बाहेर पडा. कुठंही.

नेकारकाठचा_सातारकर | मध्यरात्री १२:३१

जर्मनी-तिकीट, म्हणजे महिन्याचा पास, काढलंय का? २०२३ ला ४९ युरोला सुरू झालं, आता ६३ झालंय. २८० मधून जड आहे खरं. पण त्यावर देशभरातल्या ट्राम, बस, लोकल आणि साध्या गाड्या चालतात. आयसीई किंवा आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत चुकूनही बसू नका. जवळच्या लुडविग्सबुर्गला एस-बान (लोकल) जाते, सप्टेंबर-ऑक्टोबरात राजवाड्याच्या बागेत भोपळ्यांचं प्रदर्शन असतं, नुसते भोपळे रचून मोठमोठ्या आकृत्या. उल्म गावचं चर्च १६१ मीटर उंच, वर जायला ७६८ पायऱ्या. सज्जनगड चढलेल्या पोरीला काही विशेष नाही. रविवारी दुकानं बंद असतात, डबा घरूनच न्या.

भडंग_एके_भडंग | मध्यरात्री १२:३४

डब्यात भडंग न्या. पाठवू का सांगलीहून? लसूण जास्त घालून.

अजिंक्यताऱ्याखाली | मध्यरात्री १२:३८

मुलगी साताऱ्याकडची आहे. कंदी पेढे पाठवा. भडंग काय, चुरमुरे तिथं पण मिळत असतील.

भडंग_एके_भडंग | मध्यरात्री १२:४०

चुरमुरे आणि भडंग एकच म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही.

नेकारकाठचा_सातारकर | मध्यरात्री १२:४७

सातारकर असून सांगतो, पेढे हरले. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, सामानातूनही नाही आणि पार्सलनंही नाही. कस्टममध्ये सापडले की पेढे कचऱ्यात. भडंग चालेल. घरच्यांनी भेट म्हणून पाठवलेलं पार्सल ४५ युरोपर्यंत असेल तर करही लागत नाही.

अजिंक्यताऱ्याखाली | मध्यरात्री १२:४९

हा नियम सांगलीच्या माणसानं केलेला दिसतोय.

निवृत्त_मिरजकर | सकाळी ७:१०

शुभ प्रभात. परिचारिका पदासाठी वयाची अट काय आहे हे कुणी सांगेल का? माझ्या पुतणीसाठी विचारत आहे.

वाईकरीण | सकाळी ११:४०

कोरेगावची, तुमच्याकडं आठ वाजून गेले असतील. "हॉयटे निष्ट" म्हणा, म्हणजे "आज नाही". कारण सांगत बसू नका. आपल्याला तीच खोड असते, डोकं दुखतंय, पोट दुखतंय. मग ती डॉक्टरीणबाई गोळी काढून देईल आणि बरोबर घेऊन जाईल.

कोरेगावची | रविवार, रात्री १०:२०

गेले नाही.

ती स्वयंपाकघरात ब्रेत्सेलला (पीळ घातलेला खारा पाव) लोणी लावून डब्यात भरत होती. तेच विचारलं, हास्ट डू लुस्ट. मी म्हटलं हॉयटे निष्ट. माझा आवाज असा आला की जणू काही चोरी केलीय. ती म्हणाली "अलेस क्लार", म्हणजे "ठीक आहे", आणि डब्यातलं एक ब्रेत्सेल काढून माझ्यासाठी बशीत ठेवलं. बास. एवढंच. चार महिने मी याच्यासाठी झोपले नाही नीट.

मोठा दारात दोन मिनिटं रडला. मग गेला.

ते गेल्यावर घरात एवढी शांतता की मी उगाच ओटा पुसायला घेतला. मग सातारकरांनी सांगितलेलं आठवलं, फडकं ठेवलं आणि बाहेर पडले. भोपळे वगैरे काही बघितले नाहीत, ट्राम जिथपर्यंत जाते तिथपर्यंत गेले आणि नदीकाठी बसले. आईला बाकाचा फोटो पाठवला तर लगेच फोन, "एकटीच का? भांडण झालं का? त्यांनी काढून टाकलं का?" जिराफाच्या फोटोवर समाधानी होती ती.

तासांचं अजून बोलले नाही. बुधवारी संध्याकाळी बसू म्हणालीय. कागद लिहून ठेवलाय. जास्तीच्या तासांना जर्मनमध्ये काय म्हणतात?

नेकारकाठचा_सातारकर | रात्री १०:२६

युबरश्टुंडेन. पण सुरुवात त्या शब्दानं करू नका, आधी आठवड्याचं वेळापत्रक पुढं ठेवा. करारातलं ३० तासांचं वाक्य शोधून त्याच्याखाली रेघ मारून न्या. सापडत नसेल तर तेवढ्या पानाचा फोटो टाका, नावं झाकून.

खंबाटकीचा_वळसा | रात्री १०:३३

बरं केलंत. मी आईला विचारलं. ती म्हणाली, रविवारी आठवडे बाजाराला जायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

भडंग_एके_भडंग | रात्री १०:३५

पार्सल किलोचं करू का दोन किलोचं?