८० बाय ४० फुटी तलावाच्या सफाईसाठी बिनवायरचा रोबोट घ्यावा का? (तासगाव)

मांडवाखाली

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि बागेला लागून कृषी पर्यटन. बाग यजमान बघतात, पाहुणे मी बघते. पाहुण्यांसाठी पोहण्याचा तलाव बांधलाय, ८० बाय ४० फूट, एका टोकाला साडेतीन फूट आणि दुसऱ्या टोकाला सहा. आतून गुळगुळीत टाइल. पाणी सव्वाचार लाख लिटरच्या आसपास. सासऱ्यांच्या मते हा सगळा पैशाचा खेळ आहे, शेततळं असताना तलाव कशाला. (शेततळ्याच्या ओल्या कागदावरून माणूस वर येऊ शकत नाही, हे सांगून मी दमले.)

सध्या सफाई अशी: लांब दांडीला व्हॅक्यूमचं डोकं, त्याला पाइप, पाइप पंपाच्या सक्शनला. दोन माणसांची अख्खी सकाळ जाते. एरवी चालून जातं, पण ऑक्टोबरात फळछाटणी लागली की तलावासाठी माणूस मागणं म्हणजे घरात भांडण. म्हणून रोबोटचा विचार.

सांगलीतला एक विक्रेता बॅटरीवरचा रोबोट दाखवून गेला. खोक्यावर लिहिलंय तीनशे चौरस मीटरपर्यंत, एका चार्जिंगला तीन तास. आमचा तलाव २९७ चौरस मीटर भरतो. तो म्हणाला, अगदी मापात बसतोय ताई. इतका मापात बसतोय म्हणूनच मला शंका आली.

बिनवायरचाच का, तर तलावाजवळ प्लगपॉइंट नाही, पंपघर मागे आहे. लाईट कधी जाईल सांगता येत नाही. आणि पाण्यात वायर सोडलेली बघून पाहुण्यांमधल्या आया पोरांना लगेच बाहेर ओढतील. किंमत लाखाच्या पुढे आहे, त्यामुळे घेऊन बघू असं म्हणायची सोय नाही. एवढ्या मोठ्या तलावाला कुणी वापरलाय का?

चहाबिस्कीट

विषयात गती शून्य, पण सासऱ्यांना इथे आयडी काढून द्या. त्यांची बाजूही ऐकायला आवडेल. वाचतोय.

अजिंक्यतारा_पायथ्याशी

साताऱ्यात एका संस्थेच्या २५ मीटरच्या तलावाचं व्यवस्थापन माझ्याकडे आहे. आमच्याकडे वायरचा रोबोट आहे आणि आज पुन्हा घ्यायचा झाला तरी वायरचाच घेईन.

आधी शॉकची भीती. वायरच्या रोबोटमध्ये २३० व्होल्ट पाण्यात जात नाहीत. काठापासून तीन-साडेतीन मीटर मागे एक डबा असतो, तो वीज तीस व्होल्टच्या आत आणून खाली पाठवतो. शिवाय त्या लाइनला ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवाच, तो तर पंपालाही हवा. आणि पोरांचा प्रश्न येतोच कुठे? वायरचा असो की बॅटरीचा, रोबोट पाण्यात असताना माणूस पाण्यात नाही, हा नियम दोन्हींना एकच.

वायरची लांबी मात्र स्वतः मोजा, विक्रेत्यावर सोडू नका. डबा लांब बाजूच्या मध्यावर ठेवला तर तुमच्या तलावाचा सर्वांत लांबचा कोपरा तिथून ५७ फुटांवर, म्हणजे सव्वासतरा मीटर. त्यात काठापासूनचं अंतर आणि खोली मिळवली की तेवीसच्या घरात जातं. घरगुती मॉडेलला बहुधा अठरा मीटर वायर येते, ती पुरणार नाही. व्यावसायिक मॉडेलला तीस किंवा जास्त येते. डॉल्फिनची वेव्ह मालिका अशाच मोठ्या तलावांसाठी आहे. महाग आहे, पण रोज चालवा, तक्रार नाही.

वायरचा त्रास एकच, ती पीळ खाते. आठवड्यातून एकदा उन्हात सरळ पसरून ठेवावी लागते. आमचा शिपाई या कामावर नाराज असतो.

कुपवाडचा_पंपवाला

ताई, साताऱ्याच्या साहेबांचं बरोबर हाय, पण त्यांचा तलाव रोज भरलेला असतोय. तुमच्याकडं शनिवार-रविवारचं गिऱ्हाईक. तिथं हिशोब बदलतोय. मी मिरज, कुपवाड, विट्यापर्यंत तलावांची देखभाल करतो, दोन्ही प्रकार हाताळलेत.

खोक्यावरचं तीनशे विसरा. आपण आपला हिशोब लावू. रोबोट साधारण सोळा इंच रुंद. मिनिटाला दहा मीटर चालतोय धरा, म्हंजे तेहतीस फूट. मिनिटाला ४४ चौरस फूट झाले. तुमचा तळ ३२०० चौरस फूट. एकही पट्टा दुबार न होता, एकदाही न वळता सव्वा तास. असं कधी होत नाही. पट्टे एकावर एक चढणार, वळायला वेळ जाणार, पायरीजवळ घुटमळणार. दोन तास तर धराच. हे झालं नुसत्या तळाचं. भिंती चढवायच्या म्हटलं तर अजून अकराशे चौरस फूट, आणि भिंत चढताना बॅटरी जास्त खातंय. तीन तासांचा आकडा बहुतेक वेळा फक्त तळ झाडायच्या मोडचा असतोय, ते विचारून घ्या.

म्हंजे नवा असताना तुमचा तळ एका चार्जिंगात होईल, भिंती दुसऱ्या दिवशी. सोमवारी तळ, शुक्रवारी भिंती, असं चालत असंल तर बिनवायरचा घ्यायला माझी हरकत नाही. रोज एका दमात सगळं पायजे असंल तर नको.

आता जे विक्रेता सांगत नाही ते. एक म्हंजे, बाहेर काढणार कोण? बॅटरी संपत आली की चांगला रोबोट भिंतीला येऊन थांबतोय, तुम्ही आकडा लावून ओढायचा. सुका दहा-बारा किलो, पाण्यासकट त्याच्या वर. साडेतीन फुटाच्या बाजूला ठीक हाय. सहा फुटाच्या तळात मधेच बसला आणि पाणी गढूळ असंल, तर दिसत पण नाही. वायर असली की वायर धरून काठापर्यंत आणता येतोय. वायरचा हा उपयोग कुठल्या जाहिरातीत नसतो.

दुसरं, तुमची टाइल गुळगुळीत. ब्रश बघून घ्या. रबरी पट्ट्यांचा ब्रश ओल्या गुळगुळीत टाइलवर घसरतोय, भिंतीवर निम्म्यातून खाली येतंय. स्पंजासारखा मऊ ब्रश येतो, पीव्हीए म्हणत्यात, तो धरतोय. झिजतो पण लवकर, म्हणून जादा जोड मिळतो का विचारा.

तिसरं, तळातल्या मेन ड्रेनची, म्हंजे पाणी ओढून घेणाऱ्या तोंडाची, जाळी वर आलेली असंल तर तो तिच्यावर चढून चाकं फिरवत बसणार. जाळी तळाच्या बरोबरीत करून घ्या, गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम.

आणि मोबाईलच्या अ‍ॅपला भुलू नका. वायफाय, ब्लूटूथ पाण्याखाली पोचत नाही. मोड काय निवडायचा तो काठावर निवडायचा. बुडाला की तो आणि त्याचं नशीब.

एक विचारतो. तुमच्याकडं काजळी पडते का? कारखान्यापासून किती लांब?

मांडवाखाली

पंपवाले दादा, पडते म्हणजे काय! कारखाना नजरेच्या टप्प्यात नाही, पण गळीत हंगाम सुरू झाला आणि वारा आमच्या दिशेला फिरला की सकाळी पाण्यावर काळे धागे तरंगत असतात. आसपास पाचट पेटवलं तर अजूनच. शिवाय डांबरी रस्त्यापासून आत येईपर्यंत काळ्या मातीचा फुफाटा, आणि बागेत फवारणीचा ब्लोअर फिरतो तेव्हा त्याची धूळ. पाचोळा कमी, एकच गुलमोहर आहे. त्याची पानं मात्र अशी बारीक की जाळीतून निघत नाहीत.

साताऱ्याच्या सरांना: वायरबद्दल माझी भीती कमी झाली. पाहुण्यांची होणार नाही, पण तुमचा मुद्दा बरोबर आहे, तेव्हा तलाव बंदच असणार.

आमच्याकडे सोमवारी सुट्टी, शुक्रवारी तयारी. आठवड्याला दोनच वेळा चालवायचा. उन्हाळी सुट्टीत जास्त.

सोल्डरिंग

बॅटरीबद्दल थोडं, कारण माझं पोट त्यावरच आहे (सातारा एमआयडीसी).

लिथियम बॅटरी साधारण पाचशे पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांवर येते असं धरा. रोज वापरली तर दीड वर्षाच्या आत ही वेळ येते. आठवड्याला दोनदा वापरली तर वर्षाला शंभरच्या आसपास चार्जिंग होतात, म्हणजे चार-पाच वर्षं हरकत नसावी. पण नुसती ठेवलेली बॅटरीही म्हातारी होते, आणि उष्णतेने लवकर होते. तुमच्याकडचा एप्रिल-मे लक्षात घ्या. उन्हातून काढून तापलेला रोबोट लगेच चार्जिंगला लावू नका, सावलीत थंड होऊ द्या. पत्र्याच्या शेडमध्ये तर ठेवूच नका. पावसाळ्यात महिनोन् महिने बंद राहणार असेल तर निम्मी चार्ज करून ठेवा, पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी नको.

चार्जिंगचं तोंड कोरडं करून मगच पिन लावायची. क्लोरीनचं पाणी त्या पितळी टोकांना खातं. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्यांत बॅटरी ठीक आणि तोंड सडलेलं, असे बरेच असतात.

विक्रेत्याला विचारा: बॅटरी बदलायची झाली तर कुठे बदलणार? भारतात का बाहेर? लिथियम बॅटरी विमानाच्या कुरियरमध्ये धोकादायक मालात मोडते, त्यामुळे "पाठवून देऊ" हे म्हणायला सोपं असतं. सेल सीलबंद असेल तर गावातला कुणी उघडू शकणार नाही, आणि उघडला तरी पाणी न शिरता परत बंद करणं जमणार नाही.

कुपवाडचा_पंपवाला

काजळी हाय म्हटल्यावर अजून थोडं लिहितो.

काजळी आधी तरंगतीय, मग भिजून बसतीय. तरंगते तवर तळावर फिरणाऱ्या रोबोटला ती दिसत पण नाही. सकाळी सकाळी जाळीनं वरनं काढायची, नाहीतर स्किमरच्या (वरचं पाणी ओढणारी भिंतीतली खोबण) तोंडाकडं पाणी ओढतंय का बघायचं. वरचं पाणी झाडणारी मॉडेल पण आलीत, त्यांची किंमत ऐकून बसाल.

बसलेली काजळी आणि काळी माती दोन्ही बारीक. रोबोटच्या साध्या जाळीतून आरपार जातंय, मागच्या तोंडातून परत पाण्यात. रोबोट फिरतोय, पाणी अजून गढूळ, आणि मालक मला फोन करतोय. बारीक फिल्टर वेगळा मिळतो, तो सोबतच घ्या. पण बारीक फिल्टर लवकर तुंबतोय. फुफाट्याच्या दिवसांत मधे एकदा बाहेर काढून नळाखाली धुवायला लागंल, म्हंजे एकदा सोडला आणि जेवायला गेलो असं होणार नाही. गुलमोहराच्या पानांनी पण तेच. पानांच्या दिवसात साधी जाळी, काजळीच्या दिवसात बारीक.

पाणी हिरवं झालं तर रोबोट सोडूच नका. आधी पीएच सात-दोन ते सात-आठच्या मधे आणा, क्लोरीनचा शॉक, म्हंजे एकदम मोठा डोस द्या, ब्रश मारा, शेवाळ मरू द्या. क्लोरीन खाली आल्यावर रोबोट. आणि तुरटी किंवा पीएसी टाकून गाळ बसवला असंल तर तो गाळ रोबोटनं काढायचा नाही. ढगासारखा उडतोय. ते काम तुमच्या जुन्या दांडीनं, व्हॉल्व्ह वेस्टवर ठेवून, पाणी सरळ बाहेर. म्हंजे दांडी आणि पाइप विकू नका. विक्रेता जुनं घेऊन सूट देतो म्हणाला तरी नको.

पंप आणि सँड फिल्टर पण नेहमीएवढेच चालवायचे. रोबोट आला म्हणून पंपाचे तास कमी करणारे मालक मी बघितलेत. रोबोट फरशी पुसतोय, पाणी गाळत नाही.

तुमचं बोअरचं पाणी जड असणार. काम झालं की रोबोट गोड्या पाण्यानं धुवा, नाहीतर चाकांवर पांढरं साचतंय. आणि दोन कामांच्या मधे तलावात ठेवू नका, कितीबी सोयीचं वाटलं तरी.

अजिंक्यतारा_पायथ्याशी

आठवड्याला दोनदाच असेल तर पंपवाल्यांशी सहमत, माझा आग्रह मागे घेतो. फक्त उन्हाळी सुट्टीचं काय? मे महिन्यात रोज गट येणार असतील तर तुम्हाला रोजच लागेल.

मांडवाखाली

सर, मे महिन्यात खरड छाटणी उरकलेली असते, माणसं मोकळी असतात. तेव्हा दांडी चालेल. मला रोबोट हवाय तो ऑक्टोबर ते मार्चसाठी, माणूस नाही आणि काजळी आहे तेव्हा.

आज विक्रेत्याला फोन केला. म्हटलं, येत्या सोमवारी गट गेल्यावर आमच्याच तलावात चालवून दाखवा, पूर्ण चार्जपासून बॅटरी संपेपर्यंत, आणि कुठे थांबतो ते मी बघणार. तर म्हणतो, ताई आधी तलाव साफ करून ठेवा, म्हणजे मशीन नीट दिसेल. मी म्हटलं, मशीन नाही दिसलं तरी चालेल, तळ दिसला पाहिजे. हो म्हणाला शेवटी.

पीव्हीए ब्रश आणि बारीक फिल्टर किमतीत धरून द्या, असंही सांगितलं. ब्रशवर तो गप्प झाला, विचारून सांगतो म्हणाला. बॅटरी पुण्यात बदलून मिळते असं तोंडी सांगतोय, मी बिलावर लिहून मागितलंय. पंपवाले दादा, मेन ड्रेनची जाळी बोटभर वर आहे. गवंडी बोलावलाय, पण त्यासाठी पाणी किती उतरवावं लागेल? सव्वाचार लाख लिटर सोडून द्यायचं म्हटलं तर रोबोटआधी टँकरचंच बिल येईल.

कुपवाडचा_पंपवाला

पूर्ण उतरवायचं नाही! जाळी स्क्रूवर बसलेली असती. पोहणाऱ्या माणसाला खाली पाठवून जाळी काढा आणि चपटी जाळी त्याच मापाची मिळते का बघा. मिरजेत मिळंल. काढताना त्या वेळी पंप बंद पायजे, मेनस्विच काढून किल्ली स्वतःजवळ ठेवा, सक्शन चालू असताना कुणाला त्या तोंडाजवळ जाऊ द्यायचं नाही. जाळी नसताना तलाव पण उघडायचा नाही. फ्रेमच सिमेंटात वर बसवलेली असंल तरच गवंडी, आणि मग ते काम पाणी बदलायच्या वेळेला ठेवा. तवर रोबोटला त्या भागातनं आकड्यानं बाजूला करायचं.

फोटो टाका जाळीचा, शेजारी पट्टी ठेवून.

मांडवाखाली

टाकते उद्या. आज ब्लोअर फिरतोय, पाण्यात काही दिसत नाही.