बारावीनंतर बी.एस्सी. नर्सिंग (नागपूर): नीट की सीईटी, व्हॅलिडिटी कुठून आणि कॉलेज कसं तपासायचं?

उमरेड_रोड
मुलगी यंदा बारावी सायन्सला गेली. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आहे, गणित घेतलेलं नाही. नर्सिंगच करायचं म्हणते, तेही शक्यतो मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय कॉलेजात. आम्ही ओबीसी. जातीचा दाखला भंडाऱ्याचा आहे (मूळ गाव तिकडचं), व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) काढलेली नाही. ज्युनिअर कॉलेजात म्हणतात नीट द्या, क्लासवाले म्हणतात सीईटी, आणि एक एजंट म्हणतो परीक्षेची गरजच नाही, बेंगळुरूची सीट पक्की करून देतो. यातलं खरं काय? जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) बरं की बी.एस्सी., हेही सांगा.

तिसरी_पाळी
सीईटी. राज्याच्या सीईटी कक्षाची बी.एस्सी. नर्सिंगची स्वतंत्र परीक्षा असते आणि प्रवेशाची यादी तिच्या पर्सेंटाइलवर लागते. मधे काही वर्षं हे प्रवेश नीटच्या गुणांवर व्हायचे, म्हणून जुनी मंडळी अजून नीट सांगतात. आता नर्सिंगसाठी नीट लागते ती मुख्यतः मिलिटरी नर्सिंगला. तिकडे फक्त अविवाहित मुली घेतात, बारावी पहिल्याच प्रयत्नात ५० टक्क्यांनी पास लागते, उंची १५२ सेंमी लागते आणि नीटनंतर इंग्रजी व बुद्धिमत्तेची चाचणी, मुलाखत, मेडिकल असं सगळं होतं. मुलीचा तिकडे ओढा असेल तर दोन्ही फॉर्म भरा.

सीईटीचा पेपर १०० प्रश्नांचा, १०० गुणांचा, वेळ ९० मिनिटं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अॅप्टिट्यूड, प्रत्येकी २०. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पोरी बायोलॉजी घोटून जातात आणि इंग्रजी-अॅप्टिट्यूडचे ४० गुण वाऱ्यावर सोडतात. शेजारच्या पोरीशी फरक पडतो तो तिथेच, कारण बायोलॉजी सगळ्यांचंच बरं असतं. फिजिक्समध्ये लांबलचक गणितं शेवटी ठेवायची. एका प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही.

गणित नसल्याने काही अडत नाही. बारावीत पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) मिळून खुल्या गटाला ४५ टक्के लागतात, म्हणजे ३०० पैकी १३५. इंग्रजीत पास हवं. बारावीचे गुण इथे फक्त दारातून आत यायला, सीट कोणती ते सीईटी ठरवते. वय प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण पाहिजे. लवकर शाळेत घातलेल्या पोरींची एखाद-दोन महिन्यांनी गोची होते, ते आत्ताच मोजून घ्या.

एम्सची बी.एस्सी. (ऑनर्स) नर्सिंगची परीक्षा याहून वेगळी. तिथे पीसीबी व इंग्रजी मिळून ५५ टक्के लागतात (एससी, एसटीला ५०), चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात आणि जीकेचे प्रश्नही असतात. फॉर्म दोन टप्प्यांत भरावा लागतो. आधी बेसिक रजिस्ट्रेशन, ते मंजूर झालं की कोड घेऊन अंतिम फॉर्म. पहिला टप्पा भरून 'झालं' समजणारे दरवर्षी राहतात.

दाखल_खारीज
"व्हॅलिडिटी काढलेली नाही" हे वाचल्यावर बाकीचं नंतर. अभ्यास वर्षभर होत राहील, हे काम आज सुरू करा. ओबीसीच्या राखीव सीटवर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. बारावीच्या निकालानंतर अर्ज केला तर तो रांगेतच राहतो आणि तेवढ्यात प्रवेशाच्या फेऱ्या संपतात. नुसत्या पोचपावतीवर मुदत देण्याचा निर्णय शासन कधी घेतं, कधी घेत नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

तुमच्या बाबतीत पहिली चूक होऊ शकते ती समितीची. दाखला ज्या जिल्ह्यातून निघाला त्या जिल्ह्याची समिती. राहायला नागपुरात असलात तरी तुमचं प्रकरण भंडाऱ्याला जाईल. इथल्या दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात चकरा मारून काही होणार नाही.

अर्ज बार्टी या शासकीय संस्थेच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, मग प्रिंट काढून कागदांसह समितीत द्यायचा. विद्यार्थ्यांसाठी नमुना १६ चा अर्ज, ज्युनिअर कॉलेजच्या प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं पत्र, वंशावळीचं शपथपत्र नमुना ३ मध्ये आणि कागद खरे असल्याचं शपथपत्र नमुना १७ मध्ये. मुलीचा शाळेचा दाखला, तुमचा दाखला, आजोबांचा दाखला. खरी मेख इथे आहे: ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, जात स्पष्ट लिहिलेला पुरावा हवा. एससीसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, एसटीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. आजोबा शिकले नसतील तर त्यांच्या भावाचं प्राथमिक शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टरचं (प्रवेश नोंदवहीचं) पान चालतं, फक्त ते वंशावळीत बसलं पाहिजे. शाळेत काही नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद आणि अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्काची जुनी नोंद) शोधा. आपल्याकडे १९५६ पर्यंत मध्यप्रदेश होता, त्यामुळे जुन्या नोंदी कित्येकदा हिंदीत असतात आणि आडनावाचं स्पेलिंगही भलतंच असतं. नाव जुळत नसेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं शपथपत्र आधीच जोडा. त्रुटी निघेपर्यंत थांबू नका. समितीचं समाधान झालं नाही तर प्रकरण दक्षता पथकाकडे जातं आणि मग महिने कसे जातात कळत नाही.

नॉन क्रिमीलेअर वेगळं. ते प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं लागतं, म्हणून त्याला एप्रिलनंतर हात घाला. आत्ता काढलंत तर प्रवेशापर्यंत त्याची तारीख उलटून जाऊ शकते.

आणि एक. तुमचं गाव भंडाऱ्याचं आहे म्हणून ठीक, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाची मुलगी मध्यप्रदेशात बालाघाट किंवा छिंदवाड्याला दहावी झाली असेल तर राज्याच्या कोट्यात अडचण येते. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि सोबत अधिवास प्रमाणपत्र, असा नियम असतो. परराज्याचा जातीचा दाखला इथे आरक्षणाला चालत नाही.

उमरेड_रोड
बापरे. बरं झालं विचारलं. सख्ख्या चुलत भावाकडे व्हॅलिडिटी आहे, माझ्याकडे नाही. तिचा उपयोग होईल का? आणि खासगी कॉलेजात सीट लागली तर फी झेपेल का?

दाखल_खारीज
होतो, आणि चांगला होतो. वडिलांकडचं रक्ताचं नातं आहे. त्याच्या व्हॅलिडिटीची प्रत जोडा आणि वंशावळीत तुमच्या दोघांचे वडील सख्खे भाऊ असल्याचं दाखवा. त्याच्या प्रकरणात लावलेले १९६७ पूर्वीचे कागदही त्याच्याकडून घ्या, तेच तुम्हालाही लागतील. आईकडची व्हॅलिडिटी मात्र धरत नाहीत.

फीचं असं: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी गेली. अभिमत विद्यापीठांनाही ती लागू नाही, म्हणून वर्ध्याजवळच्या सावंगीच्या अभिमत विद्यापीठाकडे बघत असाल तर पूर्ण फी धरून हिशेब करा. अर्ज शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर, दरवर्षी. वसतिगृह, मेस, गणवेश यांत येत नाही. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. काउंटरवर त्याहून जास्त मागितली तर लेखी पावती मागा, आकडा बऱ्याचदा तिथेच खाली येतो.

वॉर्ड_नंबर_७
जीएनएम की बी.एस्सी.वर कुणी बोललंच नाही. सीट मिळत असेल तर बी.एस्सी. जीएनएम तीन वर्षांचं, त्याला आर्ट्सवालेही चालतात, बारावीला ४० टक्के पुरतात. पण नंतर पदवी हवी तर पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची दोन वर्षं, म्हणजे एकूण पाच. बी.एस्सी. चारच वर्षांत, आठ सेमिस्टर. शिवाय एम्सच्या नॉरसेट भरतीला बी.एस्सी.वाली कौन्सिलची नोंदणी झाली की लगेच बसू शकते. जीएनएमला ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव मागतात. घरची निकड असेल, तीन वर्षांत पगार सुरू व्हायलाच हवा असेल, किंवा बायोलॉजी सुटलं असेल, तर जीएनएम वाईट नाही.

कॉलेज बघताना इमारत बघू नका, खाटा बघा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात बी.एस्सी.साठी संस्थेचं स्वतःचं १०० खाटांचं रुग्णालय आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण आहेत. कागदावर सगळ्यांकडेच असतात. सकाळी दहा-साडेदहाला ओपीडीत जाऊन बसा, वॉर्डात किती खाटा भरल्या आहेत ते कळतं. रिकाम्या वॉर्डात चार वर्षं बेड मेकिंग शिकलेल्या मुलीला पहिल्या नोकरीत आयव्ही लावताना घाम फुटतो. मेडिकल आणि मेयो या शासकीय रुग्णालयांशी जोडलेल्या मुलींना एवढे रुग्ण मिळतात की तक्रार उलटी असते.

संलग्नता नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची आहे का ते विद्यापीठाच्या यादीत बघा. नागपूर विद्यापीठाचा इथे संबंध नाही. कुणी 'नर्सिंग असिस्टंट डिप्लोमा' देत असेल तर त्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही तर ती नर्स नाही.

एजंटबद्दल: बेंगळुरूला चांगली कॉलेजं आहेत, पण ती निवडायला एजंट लागत नाही. तिकडची पदवी घेऊन इकडे यायचं तर आधी कर्नाटकच्या कौन्सिलची नोंदणी, मग इकडे बदली, एवढा फेरा आहे. राज्याबाहेर वरची फीमाफीही नाही. मूळ मार्कशीट एजंटच्या हातात तर अजिबात देऊ नका, ती सोडवायला पैसे मोजावे लागतात.

तिसरी_पाळी
पसंतीक्रमाचं राहिलं होतं. संगणक वरून खाली वाचत जातो आणि पर्सेंटाइलमध्ये बसणारं पहिलं कॉलेज देतो. त्यामुळे 'शासकीय मिळणार नाही' म्हणून ते खाली टाकण्यात नुकसानच आहे. मनातला क्रम तसाच्या तसा भरा, मागच्या वर्षीचा कटऑफ बघून नाही. आणि जे कॉलेज मिळालं तरी जाणारच नाही, ते यादीतच नको.

पहिल्या फेरीत दुसरंच काही मिळालं तर प्रवेश घ्या, पण रिटेन्शनचा फॉर्म घाईने भरू नका. तो भरला की पुढच्या फेरीत वरच्या कॉलेजचा दावा संपतो. कॉलेजातले क्लार्क तो बाकीच्या कागदांच्या गठ्ठ्यात सहीला पुढे करतात. सही करण्याआधी प्रत्येक कागदाचं शीर्षक मुलीला स्वतः वाचू द्या.