माँटगोमेरीच्या बस कशामुळे खुल्या झाल्या: बहिष्कारामुळे की कोर्टामुळे?

नववीची_आई: मुलीला वर्गात रोझा पार्क्सवर बोलायचंय, म्हणजे अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला नकार देणाऱ्या काळ्या बाईंवर. तिने लिहिलंय, ‘पार्क्स खटला जिंकल्या आणि बसमधला वर्णभेद संपला.’ पण काळे लोक वर्षभर बसमध्ये चढले नाहीत, असं मी वाचलंय. खटला जिंकला होता तर मग पायपीट का?

वकील_कोल्हापूर: ताई, शंका रास्त आहे. रोझाबाई आपला खटला हरल्या. १ डिसेंबर १९५५ ला अटक झाली, ५ तारखेला १० डॉलर दंड आणि वर ४ डॉलर कोर्टखर्च. बहिष्कारही त्याच दिवशी सुरू झाला.

मुलीने हे जरूर सांगावं, की सुरुवातीची मागणी भेद संपवण्याची नव्हतीच. गोऱ्यांनी पुढून आणि काळ्यांनी मागून बसत यावं, ड्रायव्हरने नीट बोलावं, काळ्या वस्तीच्या मार्गांवर काळे ड्रायव्हर नेमावेत, इतकंच. शहराने तेही दिलं नाही. ३० जानेवारी १९५६ ला बहिष्काराचे नेते मार्टिन लूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला. दोन दिवसांनी फ्रेड ग्रे या २५ वर्षांच्या काळ्या वकिलाने फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टात दावा लावला: ब्राउडर विरुद्ध गेल. गेल म्हणजे तिथले महापौर.

बस खुल्या झाल्या त्या या दाव्यामुळे, आणि त्यात रोझाबाई वादी नव्हत्या. फौजदारी अपील टाळायला इकडे आल्या, असं कोणाला म्हणता येऊ नये म्हणून ग्रेंनी त्यांना बाहेर ठेवलं. ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कोल्विन या चौघी लढल्या. कोल्विनला अटक झाली २ मार्च १९५५ ला, रोझाबाईंच्या नऊ महिने आधी. वय १५! मुलीच्या वर्गाला हिचं नाव कळलंच पाहिजे.

५ जून १९५६ ला बसमधला भेद घटनाबाह्य आहे, असा निकाल न्यायाधीशांच्या दोन विरुद्ध एक मतांनी लागला. १३ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टाने तो कायम केला.

नववीची_आई: मग बहिष्काराने काय साधलं?

वकील_कोल्हापूर: दाव्यात आणखी एक बाई होती, तिने धाकापोटी माघार घेतली. अशा गावात चौघी टिकल्या, कारण मागे अख्खी वस्ती उभी होती. लोकांनी गाड्यांची स्वतःची व्यवस्था केली होती. शहराने तीही कोर्टातून बंद पाडली, तो मनाईहुकूम नेमका १३ नोव्हेंबरचाच. वॉशिंग्टनहून सुप्रीम कोर्टाचा आदेश गावात पोचला २० डिसेंबरला. तोवर, एकूण ३८१ दिवस, बहिष्कार मोडला नाही.

पुणेकर_वाचक: हॉटेलंही याच निकालाने खुली झाली का?

वकील_कोल्हापूर: नाही. त्या निकालाचा आधार असलेली, कायद्याचं समान संरक्षण देणारी १४ वी घटनादुरुस्ती सरकारला बांधते, खासगी मालकाला नाही. त्यासाठी १९६४ चा नागरी हक्क कायदा यावा लागला. अटलांटातल्या एका मोटेलमालकाने त्यालाही आव्हान दिलं. पण आंतरराज्य व्यापाराचं नियमन काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, हाती आहे, या आधारावर त्याच डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने कायदा उचलून धरला.