तुमची टिकलेली सवय सांगा: खान्देशातले अनुभव

जानेवारीत डायऱ्या खपतात आणि फेब्रुवारीत त्यांच्यात किराण्याचा हिशोब लिहिला जातो. म्हणून या धाग्यात संकल्प नकोत. टिकलेली सवय सांगा, आणि ती कशाच्या आधाराने टिकली तेही सांगा. पहाटे पाचला उठणाऱ्या उद्योगपतींच्या कहाण्याही नकोत. मे महिन्यात 44-45 अंश तापणाऱ्या आपल्या गावांत पहाटे उठण्याला कुणी यशाचा मंत्र म्हणत नाही, कामं उरकायची दुसरी वेळच नसते.

21 दिवसांत सवय लागते हे गणितही बाजूला ठेवा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेला अभ्यास 2010 साली छापून आला. त्यात सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ 18 पासून 254 दिवसांपर्यंत निघाला, मधला आकडा 66. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यांना दिसलं. म्हणजे घाई नाही. अहिराणीत, लेवा बोलीत लिहिलंत तरी चालेल.

रावेर, केळी उत्पादक

सकाळी बागेत फेरी आणि वहीत दोन ओळी, एवढीच माझी सवय. फेरी वडीलही मारायचे, पण बांधावरून. केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला आणि बांधावरची फेरी निकामी झाली. पानावर पिवळे पट्टे दिसले की ते झाड लगेच उपटून बागेबाहेर न्यावं लागतं, कारण मावा तो रोग पुढच्या झाडावर नेतो. त्यामुळे आता ओळीओळीने चालतो.

फेरी जमली, लिहिणं जमेना. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. 'रोज अमुक वाजता लिहा' हा सल्ला ज्याने शोधला त्याच्याकडे मोटर नसावी. मग घड्याळच सोडलं. मोटर सुरू केली की वही उघडायची, असं ठरवलं. वही मोटरघरात खुंटीला, पेन दोऱ्याने बांधलेलं. लाईट दुपारी येवो की रात्री दोनला, मोटर लावल्यावर थोडा वेळ थांबावंच लागतं. त्यात लिहून होतं: कुठल्या ओळीत किती झाडं काढली, ड्रिपमधून कोणतं खत सोडलं, कुठली नळी चोकअप आहे. पुढची लागवड करताना मागची वही समोर असते, आणि खतवाल्याशी उधारीवरून वाद होत नाही. मुलगा म्हणतो मोबाईलमध्ये लिहा. रात्री चिखलाच्या हाताने मोबाईल चालत नाही, हे त्याला अजून पटलेलं नाही.

नंदुरबार, पोलीस भरतीची तयारी

मुलींना 800 मीटरला 20 गुण, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15. धावायला सगळ्या तयार, गोळ्याला कुणी हात लावत नाही. आमच्या ग्राउंडवर एका ताईने नियमच लावला की आल्या आल्या आधी गोळा, मग धावणं. गोळा टाकल्याशिवाय ट्रॅकवर जाऊच देत नाही. आधी राग यायचा, आता पाय आपोआप तिकडे वळतात.

दुसरं म्हणजे मिरचीचा सीझन. मिरची वाळत घालतात त्या पथारीवर दिवसभर देठ खुडून पाठ धरते, हात भाजल्यासारखे होतात. त्या दिवसांत मी स्वतःला एवढंच सांगते की बूट घालायचे, एक चक्कर मारायची, परत यायचं. खरंच एकच मारून परत आले तरी चालतं, हे आधीच ठरलेलं असतं. बहुतेक वेळा दोन-तीन होतात.

चाळीसगाव ते जळगाव, अपडाऊन

खात्याची परीक्षा गाडीतच केली. आमच्या डब्यात पत्त्यांचा ग्रुप आहे, तो सोडणं शक्य नव्हतं आणि मला सोडायचाही नव्हता. ग्रुपमधले निम्मे पाचोऱ्याला उतरतात. मग पाचोऱ्यापर्यंत पत्ते, पाचोऱ्यापासून पुस्तक. माहेजी, म्हसावद, शिरसोली करत जळगाव येईपर्यंत कुणी हाक मारत नाही. घरी रविवारी पुस्तक उघडलं तर झोप येते, म्हणून उघडतच नाही.

धुळे, अभ्यासिका

बारा तास अभ्यासाचे फोटो टाकणाऱ्यांचा मला कंटाळा आलाय. बारा तास खुर्ची तापते, बाकी काय होतं ते निकालात दिसतं. मी तास मोजत नाही. चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवतो. उत्तर लिहीत नाही, का चुकलं ते लिहितो. 'प्रश्नातलं “नाही” वाचलंच नाही' हे वाक्य त्या वहीत फार वेळा आहे.

जळगाव, गृहिणी

आमच्या गल्लीत बिबडे, कुरडया एकमेकींच्या घरी जाऊन करतात. पहाटे ज्वारीचा घाटा शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर बिबडे थापून मोकळं व्हायचं. दांडी कुणीच मारत नाही, कारण पुढची पाळी आपली असते. डॉक्टरांनी शुगरसाठी चालायला सांगितलं तेव्हा मी याच बायकांना गाठलं. मेहरूण तलावावर जातो. फोन करायचा नाही, दारात जाऊन उभं राहायचं, हा नियम. फोनवर 'आज राहू दे' म्हणता येतं, दारात आलेल्या चौघींना म्हणता येत नाही.

लग्नसराईत आणि कानबाईच्या सणावेळी चालणं बंद पडतं, ते आम्ही धरूनच चालतो. फक्त ज्या दिवशी बंद करतो त्याच दिवशी पुन्हा कुठल्या वारी निघायचं ते ठरवून टाकतो.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

रात्रपाळीत चहा आणि चहावर तंबाखू, अशी जोडी होती. तंबाखू सोडायला निघालो तर चहा तिला परत बोलावून आणायचा. शेवटी चहाची टपरी बदलली. नव्या टपरीवर ओळखीचं कुणी नाही, चुन्याची डबी पुढे करणारं कुणी नाही. खिशात बडीशेप. सरकारची मोफत हेल्पलाईन आहे, 1800-11-2356, तिचाही उपयोग झाला. नुसत्या निर्धाराने सुटलं असं सांगणारे भेटतात. मला ती टपरी बदलावी लागली.

रावेर, केळी उत्पादक

भुसावळकर दादा, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्त्यांच्या बैठकीत सगळेच तंबाखू मळत बसतात. तेव्हा काय करता?

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

बैठकीला जातो. सालाला एकदाची आखाजी, ती कशी सोडणार? मळणाऱ्याच्या शेजारी बसत नाही, वारा येतो त्या बाजूला नातवंडांजवळ बसतो. गेल्या आखाजीला हरलो, पण त्यात तंबाखूचा काही दोष नाही, पानंच वाईट आली.