कार्यालयासाठी किती टनांचा एसी लागेल, हे क्षेत्रफळावरून ठरवावे का?

प्रश्न
आमचे कार्यालय सर्वांत वरच्या मजल्यावर असून त्याचे क्षेत्रफळ १०० चौरस मीटर आहे. पश्चिमेच्या भिंतीत १२ चौरस मीटर साधी काच आहे आणि १२ माणसे दिवसभर संगणकावर काम करतात. एका कंत्राटदाराने केवळ क्षेत्रफळ विचारून ६ टन सांगितले, तर दुसऱ्याने ४ टन पुरेत असे सांगितले. हिशेब मात्र दोघांनीही दाखवला नाही. यांपैकी कोणता आकडा ग्राह्य धरावा?

उत्तर १
हिशेब हाती येईपर्यंत कोणताच धरू नये. क्षेत्रफळावरून काढलेला आकडा काच कोणत्या दिशेला आहे आणि वर गच्ची आहे की दुसरा मजला, हे विचारातच घेत नाही; आपल्याकडे तर नेमक्या याच दोन गोष्टी निर्णायक आहेत. उतरत्या उन्हात पश्चिमेच्या साध्या काचेतून दर चौरस मीटरमागे साधारण ५०० वॅट उष्णता आत येऊ शकते, म्हणजे एकट्या काचेचे ६ किलोवॅट झाले. १ टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता, हे लक्षात घेतल्यास पावणेदोन टन केवळ त्या काचेपायी खर्ची पडतात. काचेला बाहेरून सावली दिल्यास हा भार बराच उतरतो. आतल्या पडद्याचा उपयोग त्या मानाने कमी, कारण ऊन तोवर काच ओलांडून आलेले असते. गच्चीवर उष्णतारोधक थर आहे का, तेही कळवावे.

उत्तर २
वरील मुद्द्याला जोडून दमटपणाबद्दल लिहितो, कारण तो हमखास राहून जातो. कार्यालयीन काम करणारा माणूस साधारण १३० वॅट उष्णता देतो. त्यातील सुमारे ७५ वॅट हवा तापवतात आणि उरलेले ५५ वॅट बाष्पाच्या रूपात बाहेर पडतात. १२ माणसांचे ते बाष्प दर तासाला जवळपास १ लिटर पाण्याइतके भरते. शिवाय बाहेरची ताजी हवा घ्यावीच लागते. ती सेकंदाला ६० लिटर धरली आणि आत-बाहेरच्या तापमानात १४ अंशांचा फरक मानला, तर ती थंड करायलाच सुमारे १ किलोवॅट लागतो. तिच्यातील बाष्प काढण्याचा भार वेगळा, आणि दमट हवेत तो याहून अधिक असू शकतो.

म्हणूनच ‘मोठाच घ्या, कमी पडायला नको’ हा सल्ला मला पटत नाही. गरजेपेक्षा बराच मोठा एसी तापमान चटकन उतरवतो आणि कंप्रेसर बंद होतो, पंखा मात्र चालूच राहिला तर कॉइलवर (एसीतील थंड नळ्यांवर) जमलेले पाणी निथळून जाण्याआधी पुन्हा हवेत मिसळते. खोली गार असूनही अंग चिकचिकते ते यामुळे. गरजेनुसार कंप्रेसरचा वेग बदलणाऱ्या इन्व्हर्टर एसीने हा दोष कमी होतो, पण त्यालाही क्षमता कमी करण्याची खालची मर्यादा असतेच.

प्रश्नकर्ता
गच्चीवर कोणताही थर नाही, नुसता काँक्रीटचा स्लॅब आहे. मग सगळे भार काढून त्यांची बेरीज केली की झाले का?

उत्तर ३
सरळ बेरीज केल्यास आकडा फुगण्याची शक्यता असते, कारण प्रत्येक भाराची कमाल वेळ निराळी असते. काचेचा भार ऊन पडताच जाणवू लागतो, उलट स्लॅब दुपारी साठवलेली उष्णता काही तासांनी खाली सोडतो. त्यामुळे कार्यालय सायंकाळी बंद होते की रात्री उशिरापर्यंत चालते, यावरही उत्तर बदलते. प्रत्येक तासाची बेरीज स्वतंत्रपणे करावी आणि त्यांतील सर्वांत मोठी धरावी. दोन्ही कंत्राटदारांकडे असा तासवार तक्ता मागावा आणि त्यात बाहेरचे तापमान, आर्द्रता, काचेची दिशा व ताज्या हवेचे प्रमाण काय धरले आहे, ते तपासावे. मात्र त्याआधी स्लॅबवर उष्णतारोधक थर घालायचा की नाही, याचा निर्णय घ्यावा, कारण थर नंतर घातला तर आज बरोबर ठरलेले टनेज उद्या जास्त ठरेल.